कथेसाठी टॉरमेंट, लढाईसाठी बाल्डर्स गेट २

'प्लेनस्केप: टॉरमेंट' (१९९९) आणि 'बाल्डर्स गेट २' (२०००) एकाच इन्फिनिटी इंजिनवर बनलेले कॉम्प्युटर रोल-प्लेइंग गेम, पण स्वभाव पार वेगळे.

टॉरमेंटचा नायक शवागारात जागा होतो. स्मृती पुसलेली, आणि मरण काही येत नाही! कथेत याला तोड नाही. सोबती डक्कॉनकडे कड्या गुंफलेली एक दगडी चकती असते, तोच त्याचा धर्मग्रंथ. एकेक कडी उलगडत त्याच्याशी बोलत राहिलात की त्याची श्रद्धा कुठे तडकलीय ते कळतं. नायकाचे इंटेलिजन्स आणि विझडम हे गुण भरपूर ठेवा. उत्तम संवाद त्यामुळेच उघडतात. लढाई मात्र अगदीच सपक.

ती कसर 'बाल्डर्स गेट २' भरून काढतो. शत्रूचा जादूगार आधी स्वतःभोवती कवचं चढवतो. आपण स्पेसबार दाबून खेळ थांबवायचा, कुठलं कवच कशाने उतरेल ते ताडायचं, 'ब्रीच' मंत्र टाकून स्टोनस्किनचं कवच उडवायचं आणि मगच तलवारवाले पुढे धाडायचे. सोबतीही जिवंत वाटतात: धर्मनिष्ठ केल्डॉर्न आणि दुष्ट प्रवृत्तीची व्हिकोनिया एकाच चमूत ठेवलेत, तर वाद थेट जिवावर येतो.

नवख्यांनी माझ्या मते टॉरमेंटपासूनच सुरुवात करावी. दोन्हींच्या एनहान्स्ड एडिशन आजच्या कॉम्प्युटरवर चालतात.