पन्नास टक्के टॅरिफ भरलं कोणी?

२०२५च्या ऑगस्टमध्ये अमेरिकेने भारतीय मालावरचं टॅरिफ ५० टक्क्यांवर नेलं आणि तेव्हापासून एक प्रश्न माझी पाठ सोडत नाही. ‘आपण भरलंच नाही तर काय करतील?’ सोसायटीच्या ग्रुपवर तो येतो, लग्नाच्या पंगतीत येतो आणि विचारणारे बहुतेक वेळा चांगले शिकलेसवरलेले असतात. त्याचा सख्खा भाऊ टीव्हीवर भेटतो: ‘भारताला आता अमेरिकेला इतके अब्ज डॉलर मोजावे लागणार.’ बोलणाऱ्याच्या डोळ्यांपुढे बहुधा दिल्लीहून वॉशिंग्टनला निघालेला एखादा जाडजूड चेक असतो.

असा चेक नाही. भारत सरकारने या टॅरिफपोटी एक सेंटही भरला नाही. निर्यातदारही अमेरिकेच्या सीमाशुल्क खात्यात पैसे भरायला जात नाही. ड्यूटीसकट माल पोचवण्याचा सौदा त्याने स्वतःहून केला असेल तर गोष्ट वेगळी. टॅरिफ म्हणजे आयातशुल्क आणि आयातशुल्क भरतो आयात करणारा, स्वतःच्या देशात, स्वतःच्या सरकारला.

पटत नसेल तर न्हावा शेवाला काय होतं ते पाहा. चीनहून कंटेनर उतरला की पुण्या-मुंबईच्या आयातदाराचा कस्टम एजंट बिल ऑफ एंट्री दाखल करतो. समजा भाडं-विमा धरून माल १०० रुपयांचा आहे आणि बेसिक ड्यूटी २० टक्के. म्हणजे २० रुपये. त्या २० रुपयांवर १० टक्के समाजकल्याण अधिभार, म्हणजे आणखी २ रुपये. आता झालेल्या १२२ रुपयांवर १८ टक्के आयजीएसटी, म्हणजे २१ रुपये ९६ पैसे. शंभराचा माल गोदीबाहेर पडेपर्यंत १४३ रुपये ९६ पैशांचा झाला. आयजीएसटीचं क्रेडिट आयातदाराला पुढे मिळतं, ड्यूटी-अधिभाराचे २२ रुपये मात्र गेले ते गेले. चलन त्याच्या नावावर, पैसे त्याच्या बँक खात्यातून. शांघायच्या कारखानदाराचं नाव त्या कागदावर असतं ते फक्त पुरवठादार म्हणून.

अमेरिकेतही हेच, फक्त बंदर वेगळं. २०२५च्या आर्थिक वर्षात अमेरिकी सरकारने सीमाशुल्कातून सुमारे १९५ अब्ज डॉलर गोळा केले, आदल्या वर्षीच्या अडीच पट. ‘इतर देशांकडून आलेला पैसा’ म्हणून तिथले राजकारणी हा आकडा मिरवतात. तो जमा झाला अमेरिकी आयातदारांच्या खात्यांतून.

इथवर आलं की समोरचा थोडा सावरतो आणि पहिल्यांदा कामाचा प्रश्न विचारतो. ‘बरं, भरतो अमेरिकी आयातदार. पण वसूल आपल्याकडूनच करत असेल ना? भाव पाडून?’

हे शक्य आहे, म्हणून तपासायला हवं, आणि तपासलेलं आहे. ट्रम्प यांच्या पहिल्या कारकिर्दीत, २०१८ पासून, चिनी मालावर टप्प्याटप्प्याने शुल्क लागलं. चिन्यांनी भाव पाडून ते सोसलं असतं, तर अमेरिकी बंदरात शुल्क लागण्याआधीची मालाची किंमत उतरलेली दिसली असती. अमिती, रेडिंग आणि वाइनस्टाइन या अर्थतज्ज्ञांनी २०१९ मध्ये हे आकडे तपासले. किंमत जवळपास हललीच नव्हती; शुल्काचा जवळजवळ सगळा बोजा अमेरिकी बाजूवर पडला होता. अर्थतज्ज्ञ गीता गोपीनाथ सहलेखिका असलेल्या २०२१च्या अभ्यासातही बंदरातलं चित्र तेच निघालं. त्यात एक भर मात्र होती. दुकानातले भाव शुल्काच्या मानाने कमी वाढले होते, म्हणजे मधला फरक तिथल्या दुकानदारांनी आपल्या नफ्यातून झेलला होता. पोलादासारख्या एखाद्या मालात परदेशी विक्रेत्यांनी बराच वाटा सोसल्याचंही पुढे दिसलं. सरसकट नियम नाही, पण ‘समोरचा देश भरतो’ हे वाक्य कुठल्याच आकड्यात बसत नाही.

अभ्यास नको असतील तर राजकारण्यांचं वागणं पाहा. २०२५च्या मे महिन्यात वॉलमार्टने भाव वाढवावे लागतील असं सांगितलं, तेव्हा ट्रम्प यांनी कंपनीला जाहीरपणे बजावलं की टॅरिफ स्वतः पचवा, गिऱ्हाइकावर टाकू नका. टॅरिफ चीन भरत होता, तर वॉलमार्टने पचवायचं काय? त्याआधी एप्रिलमध्ये बातमी आली होती की किमतीत टॅरिफचा वाटा किती, हे ॲमेझॉन गिऱ्हाइकाला दाखवणार आहे. व्हाइट हाउसने त्याच दिवशी हे कृत्य शत्रुत्वाचं आणि राजकीय असल्याचं म्हटलं आणि ॲमेझॉनने खुलासा केला की एका छोट्या विभागात तसा नुसता विचार झाला होता, मंजुरी कधीच नव्हती. किंमत-पट्टीवरची एक ओळ सरकारला एवढी झोंबली, कारण ती वाचणारा अमेरिकी मतदार होता.

मग भारताचं काहीच बिघडलं नाही का? बिघडलं की. आता दुसऱ्या टोकाला जाऊन ‘आपल्याला काय फरक पडतो’ म्हणणारेही भेटतात, त्यांनी अंधेरीच्या सीप्झ निर्यातक्षेत्रात एक चक्कर मारावी. तिथल्या दागिन्यांचं मोठं गिऱ्हाईक अमेरिका आहे. तिरुप्पूरचे कपडे, आंध्रची कोळंबी, सुरतचे हिरे यांचंही तेच. त्यांच्याकडे टॅरिफची पावती आली नाही. ऑर्डर येईनाशी झाली. अमेरिकी खरेदीदाराने हिशेब केला आणि टी-शर्ट व्हिएतनामकडून, कोळंबी इक्वेडोरकडून घेतली. नाहीतर भारतीय निर्यातदाराला ‘एवढी सूट दे, नाहीतर निघालो’ म्हणाला.

सगळी मेख या ‘निघालो’मध्ये आहे. शुल्क कायद्याने कोणाच्याही नावावर असो, अखेर ते सोसतो तो, ज्याला दुसरीकडे जायला जागा नाही. अमेरिकी दुकानांना चिनी मालाला पर्याय मिळेना, म्हणून तिथे अमेरिकी बाजूने सोसलं. कोळंबीला पर्याय आहे, तिथे आपल्याला सोसावं लागलं.

नाशिक जिल्ह्याला हे अर्थशास्त्र कोणी शिकवायची गरज नाही. २०२३च्या ऑगस्टमध्ये केंद्राने कांद्यावर ४० टक्के निर्यातशुल्क लावलं. भरायचं होतं निर्यातदाराने, बंदरात. पण आखाती देशांतल्या व्यापाऱ्याला पाकिस्तानचा कांदा मिळत होता, तो वाढीव भाव देईना. निर्यातदाराने मग लिलावात बोली खाली आणली. शेतकऱ्याचा कांदा ट्रॅक्टरमध्ये भरून लासलगावला आलेला, तो घेऊन तो कुठे जाणार? लिलाव बंद पाडून झाले, आंदोलनं झाली. पुढे बंदी, मग पुन्हा शुल्क, मग २० टक्के, असं होत होत ते शुल्क १ एप्रिल २०२५ला उठलं. त्या दीड वर्षात शुल्काच्या एकाही चलनावर शेतकऱ्याचं नाव नव्हतं.

हीच कसोटी बड्या टेक कंपन्यांना लावली की आणखी एक आवडता समज कोसळतो: ‘गूगलवर कर लावा, गूगल भरेल.’ भारताने २०१६ मध्ये ऑनलाइन जाहिरातींवर ६ टक्के समानीकरण आकार लावला, लोक त्याला गूगल टॅक्स म्हणू लागले. २०२० मध्ये परदेशी ई-कॉमर्स कंपन्यांवर आणखी २ टक्के आला. ऑक्टोबर २०२१ पासून गूगलने भारतात दाखवल्या जाणाऱ्या जाहिरातींच्या बिलात २ टक्क्यांची नवी ओळ घातली. ‘नियामक खर्च’ असं तिचं सभ्य नाव. भरू लागला जाहिरातदार: क्लासवाला, साडीवाला, होमस्टेवाला. ब्रिटनच्या डिजिटल कराचंही तसंच झालं. फ्रान्सने कर लावला तेव्हा ॲमेझॉनने तिथल्या विक्रेत्यांची फी वाढवली. गूगलवर जाहिरात न देता धंदा करू शकणारे किती? ज्यांना ते जमत नव्हतं, त्यांनी कर भरला. म्हणून असा कर लावूच नये असं नाही. त्याने कंपनीला धडा शिकवला, ही फुशारकी मात्र नको.

हे करही आता व्यापारी वाटाघाटींतले मोहरे झालेत. भारताने २ टक्क्यांचा आकार ऑगस्ट २०२४ मध्ये आणि ६ टक्क्यांचा एप्रिल २०२५ मध्ये, अमेरिकेशी बोलणी चालू असताना, काढून टाकला. कॅनडाने तर ३ टक्के डिजिटल कराचा पहिला हप्ता देय होण्याच्या आदल्या रात्री, २९ जून २०२५ला, माघार घेतली. ट्रम्प यांनी त्याच्या दोन दिवस आधी कॅनडाशी बोलणीच तोडली होती.

बाकीचे समज थोडक्यात उरकतो.

‘भारत अमेरिकी मालावर ५२ टक्के टॅरिफ लावतो.’ हा आकडा एप्रिल २०२५ मध्ये ट्रम्प यांनी दाखवलेल्या तक्त्यातला. अमेरिकेची भारताशी असलेली मालव्यापारातली तूट भागिले भारताकडून होणारी आयात, एवढाच तो हिशेब. त्याचा निम्मा करून आपल्यावरचे २६ टक्के आले. गूगल, मायक्रोसॉफ्ट, नेटफ्लिक्स आपल्याकडून जे कमावतात, ते त्यात धरलेलं नाही.

‘नियम सगळ्यांना सारखे.’ नाही. एप्रिल २०२५ मध्ये चिनी मालावरचा दर १४५ टक्क्यांवर गेला आणि काही दिवसांतच स्मार्टफोन-कॉम्प्युटर वगळले गेले. भारतावर ५० टक्के लागले तेव्हाही स्मार्टफोन सुटलेच. त्याच ऑगस्टमध्ये ॲपलचे टिम कुक यांनी व्हाइट हाउसमध्ये सोन्याच्या बैठकीवर बसवलेली काचेची तबकडी भेट दिली आणि अमेरिकेतली गुंतवणूक ६०० अब्ज डॉलरवर नेण्याची घोषणा केली. तिरुप्पूरच्या बनियनवाल्याला ती सोय नव्हती.

‘भारतात जुळवलेल्या आयफोनची किंमत भारताची कमाई.’ चिप तैवानची, पडदा बहुधा कोरियाचा, आराखडा आणि नफा कॅलिफोर्नियाचा. आपल्याकडे राहते ती मुख्यतः जुळणीची मजुरी आणि हळूहळू वाढणारे सुटे भाग. रोजगार खरा, पण किंमत-पट्टीवरचा आकडा आपला नव्हे.

‘टॅरिफने कारखाने परत येतात.’ काही येतात, बिल पाहा. २०१८ मध्ये अमेरिकेने आयात वॉशिंग मशीनवर शुल्क लावलं. अभ्यासात दिसलं की मशीन सुमारे ८६ डॉलरने महागलं आणि शुल्क नसलेला ड्रायरही ९२ डॉलरने, कारण दोन्ही जोडीने विकले जातात. नोकऱ्या आल्या सुमारे १,८००. गिऱ्हाइकाला एकेक नोकरी पडली ८ लाख १५ हजार डॉलरना.

‘आयातशुल्क वाढवलं की आपल्या शेतकऱ्याला भाव मिळतोच.’ सप्टेंबर २०२४ मध्ये, विधानसभा निवडणुकीच्या तोंडावर, कच्च्या खाद्यतेलावरचं बेसिक शुल्क शून्यावरून २० टक्क्यांवर गेलं. तेलाचा डबा महागला. त्या हंगामात लातूरच्या बाजारात सोयाबीन ४,८९२ रुपयांच्या हमीभावाखालीच विकलं गेलं.

आणि शेवटी कापूस. ‘अमेरिकेचं टॅरिफ निर्यातदारांचा प्रश्न, शेतकऱ्याचा काय संबंध’ हेही ऐकलंय. ५० टक्क्यांच्या तडाख्यातून कापड उद्योगाला सावरायचं म्हणून केंद्राने १९ ऑगस्ट २०२५ पासून कापसावरचं ११ टक्के आयातशुल्क काढलं. सूट आधी सप्टेंबरअखेरपर्यंत होती, ती त्याच महिन्यात ३१ डिसेंबरपर्यंत वाढवली. विदर्भातला नवा कापूस बाजारात येतो तो ऑक्टोबरपासून. म्हणजे यवतमाळच्या शेतकऱ्याचा कापूस ऐन हंगामात बिनशुल्काच्या परदेशी कापसाशेजारी उभा राहिला, आणि तो परदेशी कापूस पाठवणाऱ्यांत अमेरिकाही आहे.