माशीला ‘नाही’ म्हणता आलं पाहिजे

पोरांनो, पावसाळा लागला की आपल्या सुरतेतल्या बमरोलीच्या खोल्यांत केळ्यांवर चिलटं घिरट्या घालायला लागतात. अडीच-तीन मिलिमीटरचं अंग, रंग पिवळसर तपकिरी, डोळे विटकरी. तुम्ही त्यांना हातानं हाकलता आणि विसरता. पण ह्या एवढ्याशा जिवावर शंभराहून जास्त वर्षं जगभर प्रयोग चाललेत. आईबापाचे गुण लेकरांत कसे उतरतात, शरीराला दिवस-रात्र कशी कळते, वास आणि चव कशी ओळखता येते, ह्याबद्दल माणसाला जे ठाऊक आहे त्यातलं कितीतरी ह्या माशीकडून कळलंय. शास्त्रज्ञ हिला ड्रोसोफिला मेलानोगास्टर म्हणतात.

आता तिला बोलता तर येत नाही. ती फार तर ‘हो’ किंवा ‘नाही’ म्हणू शकते, आणि तेही येऊन, न येऊन, अंडी घालून किंवा मरून. त्यामुळे सगळी करामत प्रश्न विचारणाऱ्याची. तुमचा अंदाज चुकला असेल तर तिला ‘नाही’ म्हणायला जागा हवी. ती जागा प्रश्नात ठेवली नाही, तर कितीही बाटल्या भरा, काहीच कळत नाही.

धाकटीनं परवा विचारलं, “आबा, ही चिलटं येतात कुठून?” प्रश्न छान आहे, पण अजून कच्चा आहे. तो पिकवायचा कसा ते बघा. तीन अंदाज करता येतात. एक, केळं सडता सडता त्याचीच चिलटं होतात. दोन, ती बाहेरून वासानं येतात. तीन, बाजारातच सालीवर कुणीतरी अंडी घातलेली असतात आणि ती आपल्याबरोबर घरी येतात. अंडं जेमतेम अर्ध्या मिलिमीटरचं असतं, डोळ्यांना दिसणं कठीण. आता असा प्रयोग हवा, की तिन्ही अंदाजांची भाकितं वेगवेगळी निघतील.

एकाच फणीतली, न तडकलेली तीन केळी घ्या. एक उघड्या बरणीत ठेवा. दुसरं सालीसकट बरणीत, वर जॉर्जेटची चिंधी घट्ट बांधून; आपल्या सुरतेत कापडाला तोटा नाही. तिसरं सोलून, साल टाकून देऊन, तशीच चिंधी बांधून. केळ्यातूनच चिलट होत असेल तर ते तिन्ही बरण्यांत निघायला हवं. फक्त बाहेरून येत असेल तर नुसत्या उघड्या बरणीत. आणि सालीवर अंडी असतील तर दुसऱ्या बरणीतही चिलटं निघतील, तिसरी मात्र रिकामी राहील. तेव्हा दिवस मोजायला विसरू नका. पंचवीस अंशांच्या आसपास अंड्यातून अळी साधारण एका दिवसात निघते, ती चारेक दिवस खाते, मग कोष करते आणि नवव्या-दहाव्या दिवशी पंख असलेलं चिलट बाहेर येतं. दुसऱ्या बरणीत ज्या दिवशी चिलट दिसेल तिथून उलटे दिवस मोजा, म्हणजे अंडं केळं घरी येण्याआधीचं की नंतरचं ते समजेल.

इटलीतल्या फ्रान्सेस्को रेडींनी 1668 मध्ये हाच खेळ मांसावर केला होता. काही बरण्या उघड्या, काहींवर बारीक जाळीचं कापड. माश्या कापडाभोवती घोटाळल्या, पण कापडाखालच्या मांसात अळ्या झाल्या नाहीत. म्हणून चिंधी फळापासून चांगली उंच बांधायची, नाहीतर माशी कापडावर अंडी घालते आणि सगळा हिशेब बिघडतो.

ह्यात एक गोष्ट मला कारखान्यात मास्तरांनी शिकवली. कापडात दोष यायला लागला की नवखा कारागीर धोटा बदलतो, बॉबिन बदलतो, यंत्राचा वेगही कमी करतो, सगळं एकदम. दोष जातो, पण कशानं गेला ते कुणालाच कळत नाही आणि दुसऱ्या दिवशी तो परत येतो. मास्तर एका वेळी एकच गोष्ट बदलायचे. बरण्यांचंही तसंच. केळी एका फणीतली, बरण्या सारख्या, जागा एकच; फरक फक्त चिंधीचा आणि सालीचा.

आता न्यूयॉर्कची गोष्ट ऐका. कोलंबिया विद्यापीठात थॉमस हंट मॉर्गन नावाचे प्राध्यापक दुधाच्या बाटल्यांत ही चिलटं पाळायचे. खोलीला नावच पडलं होतं माश्यांची खोली. 1910 मध्ये एका बाटलीत पांढऱ्या डोळ्यांचा नर सापडला. बाकी सगळ्यांचे डोळे लाल, ह्याचेच पांढरे! “ह्याचे डोळे पांढरे का?” असं नुसतं विचारून माशी काय उत्तर देणार? मॉर्गननी त्या नराचा लाल डोळ्यांच्या माद्यांशी संकर केला आणि पिल्लं मोजली. 1237 लाल डोळ्यांची निघाली. तीन नर पांढऱ्या डोळ्यांचेही निघाले. ते हिशेबात बसत नव्हते, तरी मॉर्गननी ते लिहून ठेवले, लपवले नाहीत. ह्या तीनच्या आकड्यावर माझं फार प्रेम आहे, बाळांनो.

मग त्या लाल डोळ्यांच्या भावाबहिणींचा आपसात संकर झाला. लाल डोळ्यांच्या माद्या 2459. लाल डोळ्यांचे नर 1011. पांढऱ्या डोळ्यांचे नर 782. आणि पांढऱ्या डोळ्यांची मादी? एकही नाही!

इथं कुणीही म्हणालं असतं, पांढरे डोळे माद्यांना येतच नाहीत, झालं. मॉर्गन तिथं थांबले नाहीत. हा अंदाज खोटा असेल तर माशीला तो खोटा पाडायची संधी कुठं मिळेल? त्या पांढऱ्या डोळ्यांच्या नराचा संकर त्याच्याच काही मुलींशी केला तेव्हा उत्तर आलं. लाल माद्या 129, लाल नर 132, पांढऱ्या डोळ्यांच्या माद्या 88, पांढरे नर 86. म्हणजे मादीलाही पांढरे डोळे येतात. माशीनं स्पष्ट ‘नाही’ म्हटलं, आणि त्या एका नकारानं दार उघडलं.

मग नवा अंदाज. पेशीत गुणसूत्रं असतात. मादीत एक्स नावाची दोन, नरात एक एक्स आणि एक वाय. डोळ्याच्या रंगाचा गुण एक्सवर बसला असेल, तर नराला एकच एक्स, तोही आईकडून. त्यावर पांढऱ्याचा गुण असला की डोळे पांढरेच. मादीला मात्र दोन्ही एक्सवर तो गुण हवा. हे खरं असेल तर पुढचं भाकीत आधीच सांगता येतं: आई पांढऱ्या डोळ्यांची आणि बाप लाल डोळ्यांचा असला तर मुलगे सगळे पांढऱ्या डोळ्यांचे, मुली सगळ्या लाल. एकाही बाटलीत उलटं दिसलं असतं तर अंदाज कोसळला असता. पण दिसलं भाकिताप्रमाणेच. गंमत म्हणजे गुण गुणसूत्रांवर बसलेले असतात ह्यावर तोवर खुद्द मॉर्गनचाच विश्वास नव्हता. माशीनं त्यांचं मत बदललं, आणि 1933 मध्ये त्यांना नोबेल मिळालं.

आपल्याकडची गोष्ट मुंबईची. कुलाब्याला टाटा मूलभूत संशोधन संस्था आहे. तिथं ओबेद सिद्दीकी नावाचे मोठे शास्त्रज्ञ होते. त्यांच्याकडे 1970 च्या दशकात व्हेरोनिका रॉड्रिग्ज ही तरुणी शिकायला आली. घराणं गोव्याचं, जन्म 1953 चा, लहानपण केनियात, शिक्षण आयर्लंडमधल्या डब्लिनला, आणि आयुष्याचं बरंचसं काम मुंबईत. तिनं चिलटाचं नाक आणि जीभ हेच काम हाती घेतलं. चिलटाला चव पायांनीही कळते, हे ठाऊक आहे का तुम्हाला? साखरेच्या थेंबावर पाय पडला की सोंड आपोआप पुढे येते.

प्रश्न असा: माशीच्या शरीरात सगळ्या वासांसाठी एकच वाट आहे की वेगवेगळ्या वाटा? एकच वाट असेल तर ती बिघडलेल्या माशीला कुठलाच वास येणार नाही. वाटा वेगळ्या असतील तर एक वास न कळणारी, पण बाकीचे नीट ओळखणारी माशी कुठंतरी सापडायला हवी. मग शोध सुरू झाला तो अशा बिघडलेल्या माश्यांचा. दोन फाटे फुटलेल्या नळीत माश्या सोडायच्या, एका फाट्यात वास, दुसऱ्यात नुसती हवा, आणि कुणीकडे किती गेल्या ते मोजायचं. रॉड्रिग्ज आणि सिद्दीकींना कडू बदामासारखा वास न जाणवणाऱ्या, पण दुसरे वास ओळखणाऱ्या माश्या मिळाल्या. एखादी चव न लागणाऱ्याही मिळाल्या. 1978 मध्ये हे काम छापून आलं. वास घेण्याची यंत्रणा जनुकांच्या आधारानं उलगडता येते, हे जगात फार थोड्यांनी त्या काळात दाखवलं होतं. व्हेरोनिकाबाई 2010 मध्ये गेल्या, पण माशीच्या नाकावर काम करणारा त्यांच्या वाटेवरून गेल्याशिवाय राहत नाही.

थोरला म्हणाला, “आबा, आंब्यात अळी घालणारी फळमाशी हीच ना?” नाही रे. ती मोठी, वेगळ्या कुळातली. चिलट सडणाऱ्या फळावर जगतं. ती चांगल्या फळाला भोक पाडून आत अंडी घालते. तिच्यावरचा प्रयोग तर आपल्याच देशातला आहे. बिहारमधल्या पुसा संस्थेत फ्रँक हॉवलेट नावाचे कीटकशास्त्रज्ञ होते. डासांसाठी लावतात त्या गवती सिट्रोनेला तेलावर ह्या माश्या येतात, असं त्यांनी 1912 मध्ये लिहिलं. आणि येतात त्या फक्त नर! सगळ्याच माश्या आल्या असत्या तर अन्नाचा वास म्हणून विषय संपला असता. नरच का, ह्या प्रश्नानं पुढची वाट दाखवली. खेचणारं द्रव्य मिथाइल युजेनॉल निघालं, ते आपल्या तुळशीतही असतं. त्याच आधारानं नवसारी कृषी विद्यापीठानं ‘नौरोजी स्टोनहाऊस’ सापळा केला. आंबा-चिकूच्या बागांत तो टांगतात, नर अडकतात आणि माद्यांची अंडी फळत नाहीत. कारल्या-काकडीवरची माशी मात्र ह्या वासाला भुलत नाही, तिला दुसरं आमिष लागतं. म्हणून सापळा टांगण्याआधी माशी कुठली, हे विचारावंच लागतं.

आता तुमचा खरा प्रश्न, जो मला सगळ्यात आवडला: मे महिन्यात चिलटं कमी का होतात? दोन अंदाज आहेत. तीस अंशांच्या वर नर वांझ होतात, हे प्रयोगशाळांत दिसलेलं आहे. तर कदाचित उन्हामुळे अंडी फळत नसतील. किंवा फळ लवकर वाळतं आणि अळीला खायला ओलं उरत नाही. दोन्ही अंदाज पटण्यासारखे आहेत. पण ते वेगळं काहीतरी सांगतात का ते बघा. पत्र्याखाली दोन बाटल्या ठेवा, एकीत फळ रोज पाण्यानं ओलं, दुसरीत कोरडं. तिसरी माठाजवळ गारव्याला, कोरड्या फळाची. चौथी तिथंच, ओल्या फळाची. प्रत्येकीत नर-माद्या सारख्याच संख्येनं सोडा. नराच्या पोटाचं टोक काळं असतं आणि पुढच्या पायावर बारीक काळा कंगवा असतो, भिंगातून सहज दिसतो. दोष उन्हाचा असेल तर पत्र्याखालची ओली बाटलीही रिकामी राहील. दोष कोरडेपणाचा असेल तर ती भरेल, आणि माठाजवळची कोरडी रिकामी राहील. दोन्ही दोष असतील तर माठाजवळची ओलीच तेवढी भरेल. थर्मामीटर दोन्ही जागी लावा, दुपारचा आकडा लिहा. कोष बाटलीच्या काचेला चिकटतात, ते मोजायला सोपे. आणि कुठल्या बाटलीत किती कोष येतील, हे माश्या सोडण्याआधीच तारीख टाकून वहीत लिहा, धाकटीचा अंदाज वेगळा, थोरल्याचा वेगळा.