बाल्कनीतलं 'हे' झाड एका मिनिटात जीव घेतं? डिफेनबेकियाच्या व्हायरल मेसेजमागचं खरं-खोटं

फॅमिली ग्रुपवर एक फोटो येतो. कुंडीतलं झाड, मोठी हिरवी पानं आणि त्यावर पांढरट-पिवळे ठिपके. खाली मेसेज असतो की हे झाड घरात असेल तर आजच फेकून द्या. याचं पान खाल्लं तर लहान मूल एका मिनिटात आणि मोठा माणूस पंधरा मिनिटांत मरतो. झाडाला हात लावून डोळे चोळले तर दृष्टी जाते. शेवटी नेहमीचंच, 'सगळ्यांना पाठवा'.

हा मेसेज गेली अनेक वर्षं जगभरातल्या वेगवेगळ्या भाषांत फिरतोय. तो आला की ग्रुपमध्ये दोन गट पडतात. एक गट झाड उचलून कचऱ्यात टाकतो. दुसरा म्हणतो, "फेक आहे, दुर्लक्ष करा."

गंमत म्हणजे दोन्ही गट अर्धेच बरोबर आहेत. झाड विषारी आहे, हे खरं. ते मिनिटात जीव घेतं, हे खोटं. आणि घरात रांगतं मूल किंवा कुत्रं-मांजर असेल तर या दोन वाक्यांमधला फरक कळणं फार गरजेचं आहे.

आधी झाडाची ओळख

फोटोतल्या झाडाचं नाव डिफेनबेकिया. हे एकाच झाडाचं नाव नाही, तर पन्नासहून जास्त प्रजाती असलेल्या एका समूहाचं नाव आहे. मेक्सिको, कॅरिबियन बेटं आणि दक्षिण अमेरिकेतली उष्ण, दमट जंगलं हे त्याचं मूळ घर. तिथं मोठमोठ्या झाडांच्या सावलीत ते वाढतं. त्यामुळेच ऑफिसच्या कोपऱ्यात, फ्लॅटच्या हॉलमध्ये, जिथं थेट ऊन येत नाही तिथंही ते वर्षभर हिरवंगार राहतं.

हे नाव १८२९ साली हाइनरिश विल्हेल्म शॉट या ऑस्ट्रियन वनस्पतिशास्त्रज्ञाने दिलं. शॉट स्वतः ब्राझीलच्या जंगलात काही वर्षं फिरून आला होता. व्हिएन्नातल्या शोनब्रुन राजवाड्याच्या बागेत योसेफ डिफेनबाख नावाचे मुख्य माळी होते, त्यांच्या सन्मानार्थ हे नाव ठेवलं गेलं. माळ्याचं नाव अख्ख्या जगाच्या ड्रॉइंग रूममध्ये पोहोचलं, असं क्वचितच घडतं.

इंग्रजीत मात्र त्याचं जुनं नाव आहे 'डम्ब केन', म्हणजे मुका ऊस. ऊस यासाठी की खोडावर उसासारखी पेरं दिसतात. आणि मुका का, ते पुढे कळेल.

तोंडात नेमकं होतं काय?

डिफेनबेकियाच्या पानात आणि खोडात कॅल्शियम ऑक्झलेटचे स्फटिक असतात. हे स्फटिक अत्यंत बारीक सुयांच्या आकाराचे असतात. शास्त्रज्ञ त्यांना 'रॅफाइड' म्हणतात. विशिष्ट पेशींमध्ये या सुया जुडीने भरून ठेवलेल्या असतात, जशा काडेपेटीत काड्या.

कुणी पान चावलं की पेशी फुटते आणि सुया बाहेर पडतात. त्या जिभेत, ओठांत, गालाच्या आतल्या बाजूला आणि घशात घुसतात. लगेच आग होते, लाळ गळते, जीभ आणि ओठ सुजतात. जीभ जास्त सुजली तर माणसाला काही वेळ बोलता येत नाही. म्हणून 'मुका' ऊस.

आता मेसेजमधला मृत्यूचा दावा कुठे फसतो, ते बघा. हे स्फटिक पाण्यात जवळजवळ विरघळत नाहीत. त्यामुळे सायनाइडसारखं रक्तात मिसळून मिनिटभरात शरीर बंद पाडणं त्यांना जमत नाही. नुकसान होतं ते जिथं सुया टोचतात तिथंच. शिवाय पहिलाच घास इतका झोंबतो की मूल दुसरा घास घेण्याआधीच रडत पान थुंकतं.

अमेरिकेतल्या पिट्सबर्ग इथल्या विष माहिती केंद्रातल्या तज्ज्ञांनी १९९१ मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध केला होता. डिफेनबेकिया आणि त्याचाच भाऊबंद असलेला फिलोडेंड्रॉन तोंडात गेल्याच्या १८८ घटना त्यांनी तपासल्या. त्यातल्या फक्त ४ जणांना लक्षणं दिसली आणि तीही लवकर गेली.

मग घाबरायचं काहीच कारण नाही का? तसंही नाही. मोठा तुकडा चावला गेला, त्यातही खोडाचा, तर घशाला इतकी सूज येऊ शकते की श्वास अडतो. अशा गंभीर घटना दुर्मीळ आहेत, पण वैद्यकीय नोंदींमध्ये त्या आहेत. आणि लहान बाळाचा घसा मुळातच अरुंद असतो.

हा प्रकार आपल्याला नवा नाही

खरं तर मराठी घरात या सुयांची ओळख पिढ्यान्‌पिढ्या आहे. अळू खाजरं निघालं की घसा खवखवतो. सुरण चिरताना हाताला खाज सुटते, म्हणून आधी तेल चोळतात. हे तेच कॅल्शियम ऑक्झलेट. कारण अळू, सुरण आणि डिफेनबेकिया ही तिन्ही एकाच कुटुंबातली, म्हणजे ॲरेसी कुटुंबातली मंडळी आहेत.

म्हणून तर अळूच्या फदफद्यात चिंच पडते आणि सुरणाला आमसूल लागतं. पावसाच्या सुरुवातीला ठाणे, पालघर, रायगडच्या बाजारात शेवळं येतात. ती विकणाऱ्या बायका सोबत काकडं नावाची आंबट फळं देतात. काकडं घातल्याशिवाय शेवळाची भाजी केली तर घसा धरणार, हे तिथं लहान पोरालाही माहीत असतं.

पण सुया इतक्या छोट्या, मग आग एवढी का? याचं एक उत्तर जपानमधल्या संशोधकांनी २०१४ मध्ये दिलं. त्यांनी किवी फळातल्या सुया आणि प्रथिनं तोडणारं एक एन्झाइम एरी रेशीम किड्याच्या अळ्यांना खायला घातलं. नुसत्या सुयांनी फारसं बिघडलं नाही. नुसत्या एन्झाइमनेही नाही. दोन्ही एकत्र दिल्यावर मात्र अळ्या मेल्या. म्हणजे सुई भोक पाडते आणि त्या भोकातून रसायन आत शिरतं. डिफेनबेकियाच्या रसातही प्रथिनं तोडणारी एन्झाइम्स असल्याचं सांगितलं जातं. शिजवल्यावर अशी एन्झाइम्स निकामी होतात. अळू नीट शिजवलं की कमी खाजतं, त्यामागे हेही एक कारण असू शकतं.

एक गोष्ट मात्र स्पष्ट सांगायला हवी. अळू शिजवून चालतं म्हणून डिफेनबेकिया शिजवून चालेल, असं अजिबात नाही. अळू ही माणसाने हजारो वर्षं निवडून, जोपासून खाण्यायोग्य केलेली भाजी आहे. डिफेनबेकिया शोभेचं झाड आहे आणि ते शोभेपुरतंच ठेवायचं.

या झाडाचा काळा इतिहास

डिफेनबेकियाला खरी बदनामी दिली ती माणसाने. वेस्ट इंडिजमधल्या उसाच्या मळ्यांवर आफ्रिकेतून पकडून आणलेले गुलाम राबत होते. त्यांना शिक्षा म्हणून या झाडाचं खोड तोंडात कोंबलं जायचं, असे उल्लेख सापडतात. जीभ सुजायची आणि माणूस गप्प व्हायचा. आज नर्सरीत सहज ऐकू येणाऱ्या 'डम्ब केन' या नावाला हा संदर्भही चिकटलेला आहे.

दुसरा प्रसंग दुसऱ्या महायुद्धातला. जर्मनीत प्राण्यांवर केलेल्या प्रयोगांवरून असा दावा झाला होता की या झाडाच्या रसाने वंध्यत्व येतं. ते वाचून ऑक्टोबर १९४१ मध्ये अडॉल्फ पोकोर्नी नावाच्या डॉक्टरने थेट हाइनरिश हिमलरला पत्र लिहिलं. जर्मनीच्या कैदेतल्या लाखो सोव्हिएत युद्धकैद्यांना त्यांच्या नकळत हे औषध द्यावं, म्हणजे त्यांच्याकडून काम करून घेता येईल पण त्यांना मुलं होणार नाहीत, अशी ती सूचना होती. हिमलरने त्यात रसही घेतला.

योजना अडली ती हवामानावर. उष्ण प्रदेशातलं हे झाड जर्मनीच्या थंडीत हवं तेवढं वाढेना. काचघरात वाढवूनही पुरेसा माल मिळेना. युद्धानंतर न्यूरेंबर्गच्या डॉक्टर खटल्यात पोकोर्नी आरोपी होता. १९४७ मध्ये तो निर्दोष सुटला.

झाडाने सुया बनवल्या त्या पानं खाणाऱ्या किड्यांना आणि प्राण्यांना रोखण्यासाठी. त्याचं हत्यार करायचं माणसाने ठरवलं.

मूल पान चावलं तर काय करायचं?

व्हायरल मेसेजमध्ये सगळ्यात मोठी चूक हीच आहे की त्यात ही माहितीच नसते. भीती भरपूर आणि उपाय शून्य. मग घाबरलेले पालक मुलाला मीठपाणी पाजून उलटी करायला लावतात. हे चुकीचं आहे. उलटीबरोबर सुया पुन्हा घशातून वर येतात आणि उलटी श्वासनलिकेत जाण्याचा धोका वेगळाच.

त्याऐवजी हे करा:

- तोंडात उरलेले तुकडे ओल्या, स्वच्छ कपड्याने पुसून काढा. मूल मोठं असेल तर चूळ भरायला सांगा.
- गिळता येत असेल तर थंड पाणी किंवा थंड दूध घोट-घोट द्या.
- मुलाचे हातही धुवा, नाहीतर तेच हात डोळ्यांना लागतात.
- रस डोळ्यात गेला असेल तर किमान पंधरा मिनिटं वाहत्या पाण्याने डोळा धुवा आणि डोळ्यांच्या डॉक्टरांना दाखवा. आग खूप होते, पण हात लावून डोळे चोळले की दृष्टी जातेच, हा दावा अतिशयोक्तीचा आहे.
- डॉक्टरांना फोन करा आणि झाडाचा फोटो काढून ठेवा.
- जीभ वाढत्या प्रमाणात सुजतेय, आवाज घोगरा झालाय, गिळता येत नाही किंवा श्वास घेताना आवाज येतोय, यातलं काहीही दिसलं तर वाट बघू नका. १०८ ला फोन करा किंवा थेट हॉस्पिटल गाठा.

कुत्र्या-मांजरांनाही असाच त्रास होतो. लाळ गळते, ते पंजाने तोंड चोळतात, उलट्या होतात. त्यांना पशुवैद्याकडे न्या.

मग झाड ठेवायचं की नाही?

घरात सगळी मोठी माणसं असतील तर खुशाल ठेवा. फक्त छाटणी करताना हातमोजे घाला आणि नंतर हात साबणाने धुवा. छाटलेले खोडाचे तुकडे इकडेतिकडे पडू देऊ नका, कारण ते उसाच्या कांड्यासारखे दिसतात आणि मुलांना तेच खुणावतात.

घरात रांगतं बाळ किंवा पानं कुरतडणारं मांजर असेल तर कुंडी उंचावर ठेवा, किंवा मूल मोठं होईपर्यंत ती दुसऱ्या कुणाला देऊन टाका.

आणि फक्त डिफेनबेकियाला गुन्हेगार ठरवून थांबू नका. मनी प्लांट, पीस लिली, अँथुरियम, ॲग्लोनिमा, मॉन्स्टेरा, फिलोडेंड्रॉन, सिंगोनियम, कॅलेडियम हे सगळे याच ॲरेसी कुटुंबातले आहेत. कमी-अधिक प्रमाणात त्याच सुया त्यांच्याही पानांत आहेत. मेसेज वाचून एक कुंडी फेकली आणि खिडकीतला मनी प्लांट मुलाच्या हाताशीच राहिला, तर धोका घरातच आहे.

त्यामुळे पुढच्या वेळी तो फोटो ग्रुपवर आला तर घाबरून फॉरवर्ड करू नका आणि 'फेक आहे' म्हणून विषयही संपवू नका. झाड खाण्याचं नाही, चावलं तर तोंड पुसा, उलटी करवू नका आणि श्वासाकडे लक्ष ठेवा, एवढंच उत्तरात लिहा. ग्रुपमधल्या एखाद्या घरात तेच कामाला येईल.