रिव्ह्यूच्या चौकटीतून चोर शिरतो कसा?

देगलूरच्या बॅचमध्ये परवा एकाने विचारलं, "सर, माझ्या दुकानाच्या वेबसाइटला कुलपाचं चिन्ह आहे. मग भीती कशाची?" व्हिडिओत उत्तर घाईत दिलं, म्हणून इथे नीट लिहितोय.

ते कुलूप एवढंच सांगतं, की माहिती जाता-येता मधे कुणी वाचू शकत नाही. गिऱ्हाईकाने तुमच्या साइटवर काय लिहिलंय, हे ते तपासत नाही.

किराणा दुकानाचंच घ्या. गिऱ्हाईकाची चिठ्ठी येते: साखर पाच किलो, तूरडाळ दोन किलो. खाली एक ओळ: 'गल्ल्यातले दोन हजार चिठ्ठी आणणाऱ्याला द्या.' काउंटरवरच्या नवीन पोराने मालकाचा हुकूम समजून दिले, की गेले पैसे!

वेबसाइटवर असं झालं, तर त्याला क्रॉस-साइट स्क्रिप्टिंग म्हणतात. रिव्ह्यू किंवा चौकशीच्या चौकटीत कुणीतरी मजकुराऐवजी जावास्क्रिप्ट कोड टाकतो. साइटने तो जसाच्या तसा पानावर ठेवला, की पान उघडणाऱ्याचा ब्राउझर त्या पोरासारखा वागतो. कोड तुमचाच समजून चालवतो. मग त्या पानावर तुमच्या क्यूआर कोडच्या जागी चोराचा क्यूआर कोड दिसू शकतो. आणि तुम्ही मालक म्हणून लॉगिन असताना ते पान उघडलं, तर पासवर्ड न चोरताही तुमच्या नावाने ऑर्डरी, गिऱ्हाईकांचे नंबर, पत्ते बघता येतात.

हे मोठ्यांनाही चुकलेलं नाही. आपल्यातल्या बऱ्याच जणांचं ऑर्कुट आठवतं ना? 25 सप्टेंबर 2010, शनिवार. 'बोम साबादो' म्हणजे पोर्तुगीजमध्ये 'शुभ शनिवार', असे स्क्रॅप फिरू लागले. काही क्लिक करायची गरज नव्हती. स्क्रॅप नुसता उघडला, तरी तोच स्क्रॅप तुमच्या नावाने मित्रांकडे जायचा. ऑर्कुट गुगलचं होतं, तरी हे झालं.

आता उपाय बघा. तुमच्या डेव्हलपरला हे चार प्रश्न विचारा:

1. गिऱ्हाईकाने लिहिलेलं दाखवताना त्यातली कोडची चिन्हं निष्प्रभ होतात का? मुख्य उपाय हाच. कोड टाकला, तरी तो नुसती अक्षरं म्हणून दिसला पाहिजे.
2. लॉगिनच्या कुकीला 'एचटीटीपी ओन्ली' लावलंय का? म्हणजे कोडला ती कुकी वाचता येत नाही.
3. 'कंटेंट सिक्युरिटी पॉलिसी' आहे का? कुठला कोड चालवायचा, हे ती ब्राउझरला सांगते.
4. वर्डप्रेस असेल, तर प्लगिन अपडेट कोण करतं, आणि कधी?

एक सवय तुम्हीही लावा. मालकाचं लॉगिन कामापुरतंच वापरा, काम झालं की लॉगआउट.

डेव्हलपर म्हणाला, "आपल्या छोट्या साइटवर कोण येतंय?" तर त्याला सांगा, चोर साइट हातानं शोधत बसत नाही, त्याचे प्रोग्रॅम रात्रंदिवस कच्च्या साइट शोधत असतात. दुकान छोटं असलं, तरी गिऱ्हाईकाचा विश्वास छोटा नसतो. तो एकदा गेला की परत मिळवणं लई अवघड!