बरणीतली साय

चर्चगेट-डहाणू लोकलने बोईसर सोडलं, की पुढचं स्टेशन वाणगाव. वीकएंडला मामाकडे गेले, तर दादाच्या हाताचं ड्रेसिंग चाललेलं. कारखान्यात भाजलं होतं. गॉज जखमेला चिकटलेलं, ते सोडवताना बिचारा कळवळत होता.

ओट्यावर वहिनीच्या कोम्बुचाची बरणी. वर पांढरी, बुळबुळीत साय. ‘‘शी! ही फेकूनच देते,’’ वहिनी म्हणाली.

थांबा! ही साय म्हणजे जिवाणूंनी विणलेलं सेल्युलोज. एड्रियन ब्राऊनने १८८६मध्ये त्याची नोंद केली. जिवाणू साखर खातात आणि झाडाच्या धाग्यांपेक्षा कितीतरी बारीक धागे विणतात. फिलिपिन्समध्ये नारळपाण्यावर हीच साय धरून ‘नाटा दे कोको’ खातात. सोनीने तर हेडफोनच्या पडद्यात वापरली!

आणि भाजलेल्या जखमेवर? प्रयोगशाळेत वाढवून निर्जंतुक केलेला याचा पापुद्रा जखम ओलसर ठेवतो, फारसा चिकटत नाही. म्हणजे काढताना त्रास कमी. (बरणीतली साय मात्र जखमेवर लावायची नाही हं!)

‘‘आपल्याकडे मिळेल?’’ दादाने विचारलं. मी चिठ्ठीवर नाव लिहून दिलं. मंगळवारी ड्रेसिंग आहे. डॉक्टरांना विचारायला काय हरकत आहे?