धावत्या पायांचे चित्र

पटावर जोडी सुटली की ती डोळ्यांत किती वेळ राहते? काही क्षणच. २०१४ साली सर्वोच्च न्यायालयाने बैलांच्या शर्यतींवर बंदी घातली, तेव्हा मी शाळकरी पोर होतो. बाबांनी जोडी विकली. पुढे मी ती आठवणीतून वहीत काढली : पुढचे पाय पुढे ताणलेले, मागचे मागे. बाबा म्हणाले, “अशे पाय पसरले त बैल पोटावरच पडन बे!” बाबा शाळेत फारसे गेले नाहीत; पण ते धुरकरी होते.

यंदा ग्रंथालयात थेओदोर जेरिको या फ्रेंच चित्रकाराचे ‘एप्समची डर्बी’ (१८२१) हे चित्र पाहिले आणि चकित झालो. माझीच चूक! जेरिको घोड्यांचा मोठा जाणकार. तरी त्याचे घोडे पाय ताणून जमिनीवर तरंगतात. धावते पाय डोळ्याला सुटे दिसत नाहीत, म्हणून चित्रकार पिढ्यान्‌पिढ्या हाच संकेत पाळत आले. १८७८ मध्ये अमेरिकेत मायब्रिजने धावपट्टीलगत १२ कॅमेरे मांडले. घोडा दोरा तोडी, तसतसे एकेक छायाचित्र निघे. त्यांत दिसले की, घोड्याचे चारही पाय हवेत असतात खरे, पण त्या वेळी ते पोटाखाली गोळा झालेले असतात.

मानेने लाँशाँच्या शर्यतीत घोडे थेट प्रेक्षकाच्या अंगावर आणले. त्यांचे पाय धुळीत हरवले. देगाने मायब्रिजची छायाचित्रे पाहून रेखाटने केली. पण त्याला शर्यतीपेक्षा तिच्या आधीची घटका अधिक प्रिय. त्याचे घोडे बहुधा सुटण्याची वाट पाहत असतात. शिल्पकार रोदँ मात्र जेरिकोची बाजू घेतो. काळ कधी थांबत नाही; तेव्हा थांबलेले छायाचित्रच खोटे, असे त्याचे म्हणणे.

मग खरे कोण? मला वाटते, जेरिकोने वेग रंगवला, मायब्रिजने पाय टिपले. दोन्ही खरे, पण बाबांनी कॅमेऱ्यावाचून पाय ओळखले होते, हे मला आज उमगते.

डिसेंबर २०२१ मध्ये शर्यतींना पुन्हा परवानगी मिळाली. नंतर बाबांबरोबर एका पटाला गेलो. धावत्या जोड्यांपेक्षा बाबा उभ्या जोड्यांकडेच अधिक पाहत होते. आता मी नवे चित्र काढतो आहे : सुटण्यापूर्वीची जोडी. पाय बरोबर उतरले की नाही, ते बाबाच सांगतील.