भूकंप आणि घराचा विमा
मोशीकडील पुष्कळ घरधनी म्हणतात, ‘आपणांकडे भूकंप कोठला?’ किल्लारीसही तसेंच वाटे. तत्कालीन नकाशांत तो मुलूख सर्वांत कमी धोक्याच्या पट्ट्यांत होता. ता. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे दगडमातीच्या भिंती व जड माळवदें निजलेल्यांवर कोसळून हजारों माणसें दगावलीं.

सन २०२१ पासून निघालेल्या ‘भारत गृह रक्षा’ विम्यांत आगीबरोबर भूकंपही येतो. मात्र विम्याच्या रकमेंत जागेचा भाव धरूं नये, आणि मोशींत तोच भारी! जमीन भूकंपानंतरही मालकाचीच राहते. घराचें क्षेत्रफळ व आजचा बांधकामाचा दर यांचा गुणाकार करावा. क्षेत्रफळ खरें लिहावें; मागाहून मजला चढविल्यास कंपनीस कळवावें, नाहीं तर वाढीव बांधकामाच्या भरपाईस अडचण पडते.